अंगात विषाणू, पण अंगाची आग नाही

२०२१ च्या जून महिन्यात सातारा-सांगलीकडच्या मोबाइलांवर एक बातमी भराभर फिरत होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे पकडून तपासली होती आणि त्यांच्यात निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. त्या दिवसांत करोनाची दुसरी लाट नुकती कुठे ओसरत होती, त्यामुळे बातमी वाचणाऱ्यांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक होते. मात्र तासगावकडच्या माझ्या ओळखीच्या एका द्राक्षबागायतदाराने ती वाचून घाबरण्याऐवजी मला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, “सर, एवढा जालीम विषाणू अंगात घेऊन ही वाघळं रातभर फिरत्यात. मग ती मरत कशी न्हाईत?”

प्रश्न अगदी मोक्याचा आहे. निपाहची लागण झालेल्या माणसांपैकी ४० ते ७५ टक्के माणसे दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१८ मध्ये केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत या रोगाने १७ जणांचा बळी घेतला. महाबळेश्वरच्या त्या तपासणीत मात्र ३३ फळभक्षी वटवाघळांच्या आणि एका छोट्या कीटकभक्षी वटवाघळाच्या, म्हणजे आपण जिला पाकोळी म्हणतो तिच्या, रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. प्रतिपिंडे ही शरीराची जुनी नोंदवही असते. लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात त्यांची नोंद राहते, तशीच ही नोंद आहे. ती सापडली याचा अर्थ असा की, त्या प्राण्याची त्या किंवा त्याच्या जवळच्या नात्यातल्या विषाणूशी आधी कधीतरी गाठ पडली होती आणि त्यानंतरही तो जिवंत राहिला. बातमी भीतीची म्हणून वाचली गेली खरी, पण त्या तीस-पस्तीस प्राण्यांचे धडधाकट अवस्थेत जाळ्यात सापडणे हा तिच्यातला खरा विचार करण्याजोगा भाग होता.

याचे उत्तर समजून घ्यायचे, तर आधी आपण आजारी का पडतो हे नीट पाहावे लागते. विषाणू पेशीत शिरून तिचे नुकसान करतो हे खरे आहे, परंतु ताप, अंगदुखी, सूज, फुप्फुसात साठणारे पाणी, अवयव निकामी होणे यांपैकी पुष्कळसा भाग विषाणूने केलेला नसतो, तर त्याला हुसकावण्यासाठी आपल्याच शरीराने पेटवलेल्या दाहाने केलेला असतो. उसाच्या फडात रानडुक्कर शिरले म्हणून कोणी अख्खा फड पेटवून दिला, तर डुक्कर जाईलही, पण ऊसही जाईल. करोनाच्या काळात ‘सायटोकाइन वादळ’ हा शब्द घरोघरी पोहोचला होता, तो याच पेटलेल्या फडाचे नाव आहे. अनेक रुग्णांना डॉक्टरांनी स्टेरॉइड दिले ते विषाणू मारण्यासाठी नव्हे, तर ही आग आटोक्यात आणण्यासाठी.

वटवाघळाचे शरीर फड पेटवत नाही, ते बांधावर राखण ठेवते. या एका वाक्यात बरेच काही आले असले, तरी त्यातली राखण कशी चालते आणि आग का पेटत नाही, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि वेगवेगळ्या संशोधकांनी त्या वेगवेगळ्या वर्षी उलगडल्या आहेत.

आधी राखण. कोणत्याही सस्तन प्राण्याच्या पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने बाहेर सोडते. ही प्रथिने म्हणजे शेजारच्या पेशींना दिलेली हाक असते. ती ऐकून शेजारच्या पेशी आपली दारे लावून घेतात आणि विषाणूला पुढे घर मिळेनासे होते. माणसात ही हाक विषाणू आल्यावर दिली जाते. ऑस्ट्रेलियातील काळ्या फळवाघळांच्या पेशी तपासणाऱ्या संशोधकांना २०१६ मध्ये असे दिसले की, या प्राण्यांत अल्फा प्रकारच्या इंटरफेरॉनची जनुके माणसापेक्षा बरीच कमी आहेत, माणसात १३ तर त्यांच्यात अवघी ३. मात्र ही तीन जनुके विषाणू नसतानाही सतत थोडीथोडी चालू असतात. चोर येवो न येवो, राखणदार रात्रभर बांधावर जागाच असतो. विषाणू शिरतो, पण तो पसरण्याआधीच आजूबाजूची दारे बंद झालेली असतात.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण बातम्यांत ‘वटवाघूळ’ हा शब्द एकाच प्राण्याचे नाव असल्यासारखा वापरला जातो. जगात वटवाघळांच्या १४०० हून अधिक जाती आहेत, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींपैकी साधारण एक वटवाघळाची आहे. नुसते भारतातच त्यांच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत. महाबळेश्वरच्या गुहेत राहणारे फळवाघूळ ज्या रूसेटस कुळातले आहे, त्याच कुळातल्या इजिप्शियन फळवाघळांमध्ये इंटरफेरॉनची जनुके कमी झालेली नाहीत, उलट वाढली आहेत, आणि ती विषाणू नसताना चालू ठेवण्याची सवयही त्यांच्यात दिसत नाही. म्हणजे राखणीची रीत प्रत्येक घराण्याची वेगळी आहे. एका जातीवरचा निष्कर्ष दुसरीवर सरसकट चिकटवणे हे देशावरच्या शेतीचे नियम कोकणातल्या भाताला लावण्यासारखे आहे.

आता आग न पेटण्याची गोष्ट, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग हाच आहे. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो, तो तिथेच असायला हवा. केंद्रकाबाहेर डीएनएचे तुकडे दिसले की पेशी समजते, काहीतरी परके घुसले आहे. ही शंका घेणाऱ्या यंत्रणेत स्टिंग नावाचे एक प्रथिन असते आणि ते सावध झाले की इंटरफेरॉन आणि दाह अशा दोन्हींची घंटा वाजते. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवून दिले की, तपासलेल्या सर्व वटवाघळांत या प्रथिनातला एक ठरावीक घटक, जो इतर सस्तन प्राण्यांत जागच्या जागी टिकून आहे, तो बदललेला आहे, आणि त्यामुळे घंटेचा आवाज मंद झाला आहे. तो पूर्ण बंद झालेला नाही हे महत्त्वाचे. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या संशोधकांनी दाह पेटवणारी दुसरी यंत्रणा तपासली. त्यांनी काळ्या फळवाघळांच्या पेशींना तीन वेगवेगळ्या विषाणूंची लागण केली, त्यांत फ्लूचा विषाणू होता आणि मर्स हा करोनाचा भाऊबंदही होता. या पेशींत दाह माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींपेक्षा कितीतरी कमी झाला. पण विषाणूंची संख्या कमी नव्हती. विषाणू तेवढेच होते, आग मात्र पेटली नव्हती. बागायतदाराच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका निरीक्षणात आहे.

पण निसर्गाने अशी घंटा मंद का केली असेल? विषाणूंना आश्रय देण्यासाठी तर नक्कीच नाही. संशोधकांचा रोख उडण्याकडे आहे. स्वतःच्या बळावर उडणारा वटवाघूळ हा एकमेव सस्तन प्राणी आहे आणि उडणे हे फार खर्चाचे काम आहे. उडताना काही जातींच्या हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या घरात जातात, शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर चढते आणि विश्रांतीच्या तुलनेत ऊर्जेचा वापर पंधरापटीपर्यंत वाढतो. इंजिन इतके तापवले की झीज होणारच. पेशींत घातक उपपदार्थ तयार होतात, डीएनएचे तुकडे होतात आणि ते भलत्या ठिकाणी जाऊन पडतात. दर रात्री उडणाऱ्या प्राण्याच्या शरीरात या आपल्याच मोडतोडीमुळे दर रात्री धोक्याची घंटा वाजू लागली, तर तो प्राणी दाहानेच खंगून मरेल. म्हणून घंटा मंद करणे त्याला भाग पडले असावे, आणि विषाणूंशी सबुरीने राहण्याची क्षमता हा त्याचा आनुषंगिक लाभ ठरला. याच गणिताचा आणखी एक लाभ म्हणजे आयुष्य. सायबेरियात सात ग्रॅमच्या आसपास वजनाचे एक नर वटवाघूळ पहिल्यांदा पकडून खूण केल्यानंतर ४१ वर्षांनी पुन्हा जिवंत सापडले. तेवढ्याच वजनाचा उंदीर जंगलात दोन वर्षे काढतो की नाही याचीच शंका असते.

उडण्यावरून आणखी एक तर्क २०१४ मध्ये मांडला गेला होता. उडताना चढणारी ही उष्णता म्हणजे रोज रात्री येणारा तापच आहे आणि त्या तापात विषाणू होरपळतात, असा तो तर्क होता. ऐकायला तो इतका पटण्यासारखा आहे की अजूनही अनेक लेखांत सिद्ध गोष्टीसारखा येतो. मात्र नंतर प्रयोगशाळेत वटवाघळांच्या पेशी ३७ ते ४१ अंशांवर ठेवून त्यांत इबोला आणि मारबर्ग यांच्या कुळातले विषाणू वाढवून पाहिले, तेव्हा तापमान वाढल्याने त्यांच्या वाढीत विशेष फरक पडला नाही. त्यामुळे हा तर्क सध्या तरी बाजूला ठेवलेलाच बरा.

वटवाघळे कधीच आजारी पडत नाहीत, असा याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. रेबीज झालेले वटवाघूळ रेबीजनेच मरते. टकारिबे नावाचा विषाणू अमेरिकेतल्या एका फळवाघळाला प्रयोगातही मारतो. आणि सर्वांत मोठा घाव विषाणूने नव्हे, तर बुरशीने घातला आहे. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी चढलेली वटवाघळे पहिल्यांदा दिसली, आणि त्यानंतर या ‘पांढऱ्या नाका’च्या रोगाने उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळांचा बळी घेतला आहे. काही जातींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. तिथली वटवाघळे हिवाळाभर शीतनिद्रेत असतात. तेव्हा शरीर थंड पडते, ऊर्जा वाचवण्यासाठी प्रतिकारयंत्रणाही जवळपास झोपी जाते, आणि थंडीतच वाढणारी ही बुरशी पंखांच्या कातडीत घुसते. चाळवलेला प्राणी पुन्हा पुन्हा जागा होतो, साठवलेली चरबी जाळतो आणि वसंत येण्याआधीच उपासमारीने मरतो. ही बुरशी २० अंशांच्या वर वाढत नाही, त्यामुळे आपल्या सह्याद्रीतल्या उबदार गुहांना तिचे भय वाटण्याचे कारण नाही.

शरीर आतून सबुरी ठेवते, मग बाहेरून वागणुकीत काही दिसते का? यासाठी केलेले प्रयोग मला फार आवडतात, कारण त्यांत प्राण्याला खरा रोग देण्याची गरज पडत नाही. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक पदार्थ अगदी अल्प प्रमाणात टोचला की शरीराला जिवाणू घुसल्याचा भास होतो, प्राणी एक-दोन दिवस आजाऱ्यासारखा वागतो आणि मग पूर्ववत होतो. इस्रायलमध्ये इजिप्शियन फळवाघळांवर हा प्रयोग झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या वटवाघळांना ताप आला, त्यांचे वजन घटले, एरवी एकमेकांना चिकटून लटकणाऱ्या घोळक्यातून ती स्वतःहून बाजूला झाली, आणि मोकळ्या वस्तीतली वटवाघळे तर दोन रात्री चरायला बाहेरच पडली नाहीत. ‘आजाऱ्याने घरात बसावे’ हे आपल्याला करोनात तोंडावर दंडाची पावती मारून शिकवावे लागले, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मध्य अमेरिकेतल्या रक्तपिपासू वटवाघळांची गोष्ट याहून बारकाईने मोजली गेली आहे. ही वटवाघळे फार सामाजिक असतात. एखादीला रात्री रक्त मिळाले नाही, तर दुसरी आपल्या पोटातले थोडे ओकून तिला भरवते. बेलीझमधल्या एका पोकळ झाडातून संशोधकांनी ३१ माद्या पकडल्या, १६ जणींना तो पदार्थ आणि १५ जणींना नुसते मिठाचे पाणी टोचले, प्रत्येकीच्या पाठीवर छोटासा सेन्सर चिकटवला आणि सर्वांना झाडात परत सोडले. कोण कोणाच्या जवळ गेली याची नोंद हे सेन्सर ठेवत होते. पहिल्या सहा तासांत आजारी मादी निरोगी मादीपेक्षा सरासरी चार मैत्रिणींना कमी भेटली. निरोगी मादी दुसऱ्या निरोगी मादीजवळ जाण्याची शक्यता ४९ टक्के होती, तर आजारी मादीजवळ जाण्याची ३५ टक्के. दोन दिवसांत हा फरक मिटला. इतर निरीक्षणांत असे दिसले की आजारी वटवाघूळ हाकाही कमी मारते, आणि दूरच्या मैत्रिणी तिचे अंग चाटायचे कमी करत असल्या, तरी आई आपल्या लेकराला सोडत नाही. इथे कोणी कोणाला वाळीत टाकलेले नाही. अंगात त्राण नाही म्हणून आजारी प्राणी कमी हिंडतो, आणि परिणामी साथीला वाट कमी मिळते.

प्रत्येक जातीत असे दिसते का, तर नाही. पनामामध्ये एका कीटकभक्षी जातीला हाच पदार्थ टोचला, तेव्हा तिला ना ताप आला, ना रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या, फक्त वजन उतरले. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला ती ठणठणीतच वाटली असती. उडते, खाते, दिसते निरोगी, आणि तरी आत काहीतरी चालू आहे, अशा प्राण्याकडून विषाणू दुसऱ्यांपर्यंत पोहोचणे सोपे असते. सबुरीची किंमत ही आहे, आणि ती वटवाघूळ नव्हे, तर त्याच्या वाटेत येणारे घोडे, डुकरे आणि माणसे मोजतात.

मात्र ही वाटही सदासर्वकाळ उघडी नसते. युगांडातल्या पायथन गुहेतील फळवाघळांचा अनेक महिने पाठपुरावा केल्यावर दिसले की, मारबर्ग विषाणूची लागण वर्षातून दोनदा उसळी घेते, आणि ही उसळी साधारण सहा महिन्यांच्या पिलांमध्ये असते. आईच्या दुधातून आणि गर्भातून मिळालेली प्रतिपिंडे तोवर संपलेली असतात आणि पिलांची स्वतःची नोंदवही अजून कोरी असते. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणू फळवाघळांकडून घोड्यांकडे आणि घोड्यांकडून माणसाकडे जातो. १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या एका उपनगरात तो पहिल्यांदा कळला. तिथला २५ वर्षांचा हिशोब २०२२ मध्ये मांडला गेला, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. हिवाळ्यात फुलणारी जंगले तोडली गेल्याने आणि दुष्काळी हवामानाने मधाचा तुटवडा पडला, की वाघळे लहान टोळ्या करून शेतीवाडीजवळ वस्ती करतात, उपाशीपोटी त्यांच्या शरीराची सबुरी ढासळते आणि त्यांच्या मूत्रातून विषाणू जास्त बाहेर पडतो. ज्या हिवाळ्यात उरलेले जंगल भरभरून फुलले, त्या हिवाळ्यात वाघळे तिकडे परतली आणि घोड्यांतली लागण थांबली.

यामुळेच गावात वाघळांचा वड तोडायचा किंवा गुहेत धूर करायचा विषय निघाला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. प्राण्याला उपाशी, भेदरलेला आणि बेघर करणे म्हणजे आपण होऊन त्याच्या अंगातला विषाणू बाहेर काढणे आहे. बांगलादेशात निपाह मुख्यतः खजुरीच्या कच्च्या रसातून माणसात येतो. आपल्याकडे शिंदीला मडके बांधून नीरा गोळा करतात, तसेच तिथेही मडके बांधतात. रात्री वाघूळ त्या धारेला तोंड लावते किंवा मडक्यात मुतते आणि सकाळी कोणीतरी तो रस कच्चाच पितो. उपाय साधा आहे. मडक्यावर बांबूच्या चटईचे झाकण घातले की वाघूळ पोहोचत नाही, आणि रस उकळला की विषाणू उरत नाही. आपल्याकडे पडलेले, दातांच्या खुणा असलेले फळ न खाणे आणि बाकीची फळे धुऊन, सोलून खाणे एवढे पुरते.

मागच्या उन्हाळ्यात त्या बागायतदाराला घेऊन मी कृष्णाकाठच्या एका जुन्या वडाखाली गेलो. भर दुपारी मोठी फळवाघळे उलटी लटकून पंखांनी स्वतःला वारा घालत होती, अधूनमधून पंख चाटत होती, कारण घाम गाळायची सोय नसल्याने थुंकीनेच अंग थंड ठेवावे लागते. खाली जमिनीवर फळांचे चोथे पडले होते. रस शोषून घेऊन दाबून थुंकलेल्या त्या चपट्या वड्या त्याने चपलेच्या टोकाने उलटून पाहिल्या, हात लावला नाही. तिन्हीसांजेला झाड हलू लागले आणि अर्ध्या तासात एकेक करत सगळी वाघळे नदीपलीकडे निघून गेली. एक मात्र खोडाजवळच्या फांदीवर पंख लपेटून, पाठ फिरवून तसेच राहिले.

“ह्येला ताप आलाय जणू,” तो म्हणाला.

आम्ही बॅटरी न लावता थांबलो. आठच्या सुमाराला त्याने पंख उघडले, तेव्हा पोटाशी घट्ट चिकटलेले पिलू दिसले, आणि ती दोघे इतरांच्याच दिशेने उडाली.